डावीकडचा स्लॅब पोकळ

सर,

एम.एस्सी.चा एक पेपर अनिवार्य करायचा तर त्याची खरी किंमत किती पडते, याचा हिशोब आज संध्याकाळी केबिनमध्ये एकटाच बसून मांडला. कागदावर तो दोन क्रेडिटचा. त्यापायी शंकर नगरातून रोज माझ्या गाडीत येणारा माझा मित्र आज ऑटोने घरी गेला. उपग्रहाची चित्रं वाचायला शिकवणाऱ्या मॅडमचा पेपर अनिवार्यमधून ऐच्छिकमध्ये गेला, आणि त्यांनी मला पहिल्यांदाच ‘भैया’ सोडून ‘सर’ म्हटलं. माझी भूक गेली. आणि एका बापाला शब्द द्यावा लागला. या सगळ्यात तो शब्द महाग आहे. त्याची मला भीती वाटून राहिली आहे, म्हणून तुम्हाला लिहितो. हे सांगावं असं दुसरं कोणी नाही, आणि तुम्ही कोणाला सांगणार नाही हाही एक फायदा.

तुमच्या काळी सगळंच अनिवार्य होतं. काय शिकायचं ते पोट्ट्यांना विचारायचं, ही कल्पना ऐकून तुम्ही खडू फेकून मारला असता. आता भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला कोअर, म्हणजे अनिवार्य, पेपर मोजके, बाकी त्याच्या मर्जीचे. मोजके म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ज्याचा पेपर कोअर, त्याचं विज्ञान खरं. ज्याचा ऐच्छिक झाला त्याच्याकडे पोरं येत नाहीत, पोरं आली नाहीत की तास जातात, आणि तास गेले की माणूस पर्यवेक्षणाला आणि वृक्षारोपणाला उरतो. म्हणून खालच्या बर्थसाठी भांडावं तसे आम्ही भांडतो, फक्त भाषा जरा शुद्ध असते. बरं, एरवी भांडण मीटिंगमध्ये होतच नाही. ते आधीच विभागामागच्या चहाच्या टपरीवर होऊन जातं. मीटिंग समोशासाठी असते. माझी केबिन त्या टपरीच्या बाजूला आहे. खिडकीची काच तुटलेली आहे आणि ती मी मुद्दाम बसवून घेत नाही. विभागप्रमुखाला याहून जास्त अधिकार लागत नाहीत.

हे कान तुम्हीच शोधून काढले होते. बाबा रेल्वेत गँगमन, आई शिवणकाम करायची, आणि मी एकच पँट रात्री धुऊन सकाळी ओली घालून येणारा. वर्गात माझ्याकडे कोणाचं लक्ष जावं असं काही नव्हतं. तुम्ही मला एका रविवारी बूढ़ापाऱ्यातल्या घरी बोलावलंत. मला वाटलं, मागच्या आठवड्याच्या रिपोर्टाबद्दल शिव्या आहेत. तुम्ही स्वयंपाकघरात नेलंत, काकूंच्या हातातलं लाटणं घेतलंत आणि म्हणालात, “डोळे मीट. मी फरशी ठोकतो. पोकळ आली की सांग.” काकू कणीक भरल्या हातांनी उभ्या. तुम्ही उकिडवे बसून ठोकत ठोकत ओट्याखालून दारापर्यंत गेलात आणि मी सांगत गेलो: भरीव, भरीव, ही पोकळ, हिचा फक्त कोपरा पोकळ. तुम्ही कोपरा पुन्हा ठोकलात. मग काकूंकडे बघून म्हणालात, “याले ऐकू येते.” काकू म्हणाल्या, “मले पण येते. ते लाटणं धुऊन द्या आता, आणि त्या पोट्ट्याले विचारा, सकाळपासून जेवला आहे का.” मी नव्हतो जेवलो. त्यांना तेही ऐकू आलं असावं.

मग ती खाण. उत्तरेकडच्या कोळशाच्या पट्ट्यातली, बसने सगळी रात्र आणि वर जीपने. आम्ही उतारावरून खाली चाललो आहोत, टोपीवरचा दिवा पुढच्याच्या पाठीवर हलतो आहे, आणि हवा अशी की कोणीतरी आधीच वापरून ठेवलेली. एका वळणावर तुम्ही थांबता. हातातली काठी वर करून छताला टोकता, एक हात सरकून पुन्हा टोकता. “काय म्हणते छत?” सगळे म्हणतात, भरीव आहे सर. मला दुसऱ्या वेळी फरशीचा तो कोपरा ऐकू आलेला असतो. मी गप्प राहतो, कारण सगळे भरीव म्हणून राहिले आहेत, आणि त्यातले दोघे इंग्रजी शाळेतले आहेत. तुम्ही आम्हाला मागे ढकलता. खाणीचा सरदार, म्हणजे त्या पाळीतल्या सुरक्षेचा माणूस, लांब पहार घेऊन येतो आणि कडेला उभा राहून छत उचकटतो. खाटेएवढा दगड खाली येतो. मोठा धडाका होईल म्हणून मी कान झाकलेले असतात, पण आवाज होतो तो पोतं खाली ठेवावं एवढाच. सर, तो लहान आवाज माझ्या अजून अंगात आहे. परत वर येताना तुम्ही मला बाजूला घेतलंत. “तुले ऐकू आलं होतं. काहून बोलला नाहीस?” मी म्हटलं, सगळे वेगळं म्हणत होते. तुम्ही म्हणालात, “छत मतं मोजत नाही, बाबू.” एवढंच. तुमच्या बाकीच्या शिव्या मी विसरलो.

तुम्ही गेल्यावर तुमचा तासही माझ्याकडे आला. भूमिगत खाणीची सहल मात्र पुढे ढकलत ढकलत बंदच पडली. अंतर, परवानगी, विमा, पालकांची संमती. दर वर्षी एखादं चांगलं कारण मिळायचं, आणि कारणं शोधण्यात मी पहिल्यापासून हुशार. आपल्या आसपास चुनखडीच्या उघड्या खाणी पुष्कळ, वर आभाळ असतं, तिथे नेत गेलो. छताचा आवाज शिकवायला मी प्रयोगशाळेतच सोय केली. विटांच्या खांबांवर दोन सिमेंटचे स्लॅब बसवले, डोक्याच्या वर. एक भरीव ओतलेला, दुसऱ्याच्या पोटात थर्मोकोल घालून पोकळ ठेवलेला. विद्यार्थ्याने खाली उभं राहायचं, काठीने दोन्ही ठोकायचे, आणि कोणता धोक्याचा ते लिहायचं. बाहेरून येणारे परीक्षक खूश होऊन जायचे. शंभर टक्के निकाल. मी पाहुण्यांना सांगायचो की आमच्या पोरांचे कान तयार असतात, आणि पाहुणे फोटो काढायचे.

या वर्षी त्या खोलीला रंग दिला. मजुरांनी स्लॅब उतरवले आणि रंग वाळल्यावर परत चढवले. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मी शेजारच्या खोलीत नमुन्यांच्या पेट्या लावत होतो आणि भिंतीपलीकडून ठोकण्याचा आवाज येत होता. पहिल्याच पोराला माझा हात थांबला. आधी पोकळ वाजायचं, मग भरीव, ते आज उलटं येत होतं. मजुरांनी डावा उजवीकडे चढवला होता. मी मनात म्हटलं, बघू, आता पोरं गोंधळतील, येऊन विचारतील. कोणी आलं नाही. दुपारी सगळे पेपर पाहिले. सगळ्यांनी लिहिलं होतं, डावीकडचा स्लॅब पोकळ, त्याखाली उभं राहणं धोक्याचं. परीक्षकांनी सगळ्यांना पूर्ण गुण दिलेले. नंतर टपरीवर एका पोराला मी खिडकीतून ऐकलं. तो ज्युनिअरला समजावत होता, “अरे ठोकना-वोकना कुछ नहीं, लेफ्ट वाला लिख देना. हमारे सीनियर के सीनियर से चला आ रहा है.” म्हणजे ऐकत कोणीच नव्हतं. किती बॅचेसपासून, ते शोधायची मला हिंमत झाली नाही. त्यातली कितीतरी पोरं आज खाणींत नोकरीला आहेत. दिवाळीला मिठाई पाठवतात.

एका पेपरवर मात्र ‘उजवीकडचा’ लिहून खोडलं होतं आणि वर ‘डावीकडचा’ केलं होतं. त्या मुलीला बोलावलं. आपल्याच मराठी घरातली, मराठी कळते, पण या हिंदी मुलखात वाढली म्हणून बोलते हिंदीत. म्हटलं, “खोडलंस काहून?” ती खाली बघून म्हणाली, “सर, मुझे तो राइट वाला पोकळ सुनाई दिया था. बाहर आके बोली तो सब हँसने लगे. फिर मैं पेपर देने से पहले काट दी.” मी तिला जायला सांगितलं आणि बराच वेळ त्या स्लॅबखाली उभा राहिलो. मग मला कळलं की मी पोकळ बाजूखाली उभा आहे. सरकलो.

तिथून हे सगळं सुरू झालं. मी अभ्यासक्रमाच्या बैठकीत मांडलं की भूमिगत क्षेत्रकार्य कोअर करा. प्रत्येक विद्यार्थी एक आठवडा खऱ्या खाणीत उतरेल, तिथल्या सरदाराबरोबर छत ठोकेल, आणि उतरल्याशिवाय डिग्री नाही. मॅडम म्हणाल्या, “आजकल तो सेंसर आ गए हैं, भैया. छत में लगा दो, वो खुद बोलेगी.” मी म्हटलं, “सेन्सर लावायला छताखाली कोण जाईल?” त्या हसल्या, पण त्यांचा पेपर जाणार हे त्यांना कळलं होतं. माझा मित्र हसला नाही. तो भू-रसायन शिकवतो, माणूस सरळ आहे. तो म्हणाला, “ऐच्छिक ठेव ना यार. ज्याला जायचं तो जाईल, घरच्यांची सही घेऊ. अनिवार्य केलं म्हणजे आपण ढकललं असं होते. उद्या एखाद्या पोराला काही झालं तर तू काय सांगशील?” याला उत्तर माझ्याजवळ होतं, आणि ते खरं आहे असं मला अजूनही वाटतं. मी म्हटलं, “ऐच्छिक ठेवलं तर ज्याला भीती वाटते तो येणारच नाही. मग त्याला नोकरी लागेल, आणि तो पहिल्यांदा उतरेल तेव्हा शेजारी शिकवणारं कोणी नसेल.” मित्र म्हणाला, “बरं. आणि यांना घेऊन उतरणार कोण?” तेव्हा मी जे बोललो ते असं, “मी. छताचा आवाज मला नका शिकवू. खाणीत घडलेला माणूस आहे मी.” सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या कानांची ख्याती आहेच. पहिली बॅच याच वर्षीची, नेणार मी, असं इतिवृत्तात गेलं. मित्राने सही केली, पेन खिशात ठेवलं आणि ऑटो बोलावला.

चार वाजता त्या मुलीचे वडील आले. तिने फोन केला असणार. शहराबाहेर सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या, लोखंडाच्या भट्ट्यांच्या कारखान्यात आहेत. पाळी सुटली तसे सरळ आले, भुवयांवर काळी धूळ तशीच. खुर्चीवर बसायला तयार होईनात, कापड मळेल म्हणून. उभ्यानेच म्हणाले, “सर, मी भांडाले नाही आलो. तुमच्यासारखे आम्ही पण वर्ध्याकडचेच. पोट्टी एकच आहे मले. मी रोज जिथं काम करतो तिथं काय काय होते ते मी घरी सांगत नाही. तिले शिकवलं ते यासाठी, का तिनं असल्या जागी जाऊ नये. अन् तुम्ही तिले जमिनीच्या खाली नेता. काहून?” मी त्यांना स्लॅबची गोष्ट सांगितली. पोरीला खरं ऐकू आलं होतं आणि तिने खोडलं, तेही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे तिचे कान चांगले आहेत?” मी म्हटलं, “वर्गात सगळ्यात चांगले.” त्यांच्या चेहऱ्यावर जरा आनंद आला आणि लगेच गेला. म्हणाले, “ते खाली गेल्यावर बी चांगले राहतीन का? घाबरल्यावर मानसाले काही ऐकू येत नाही, सर. मले माहीत आहे.” मी समोरचे पेपर सरळ करत राहिलो. त्यांनी वाट पाहिली, मग म्हणाले, “बरं. तुम्ही संगं राहाल नं?”

“सगळ्यात पुढे मीच राहीन,” मी म्हटलं. त्यांनी हात जोडले. मी पण जोडले. ते गेल्यावर दाराशी त्यांच्या बुटांची काळी खूण राहिली, ती मी पुसायला सांगितली नाही.

आता विभाग रिकामा झाला आहे. पंखा फिरतो आहे, टपरीवाला भांडी घासतो आहे, आणि मी इथे बसून टेबल बोटाने ठोकून पाहतो आहे. टेबल भरीव आहे. पेपर कोअर केला ते बरोबर केलं, यावर माझं मन ठाम आहे. ठराव उद्या पुन्हा आला तर मी पुन्हा तेच मत देईन. भीती ठरावाची नाही. तिकडच्या खाणीला उद्या पत्र टाकायचं आहे, पोरांची नावं आणि टोप्यांची मापं कळवायची आहेत, पहिल्या ओळीत माझं नाव. ते पत्र जाईल. हे कुठे टाकू? बूढ़ापाऱ्यातल्या तुमच्या घरात आता मोबाइलचं दुकान आहे. घडी करून ठेवून देतो.

एकच गोष्ट राहिली, ती मित्राला सांगितली नाही, त्या वडिलांनाही नाही. भूमिगत खाणीत मी आयुष्यात एकदाच उतरलो आहे, सर. ते तुमच्या पाठीमागून चालत.