लाँड्रीतला रुसवा

९ जून, सोमवार
मंदीचा धसका दुबळ्यांनी घ्यावा. आपण नाही घेत. कारखाना बंद पडला म्हणून या परक्या शहरात तात्पुरता आलोय, इतकंच. मालक स्वतः म्हणालेत, सुरू झाला की कळवतो. तोवर इथल्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या. वीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला हा हातचा मळ. खरं म्हणजे लाँड्री माझ्यावरच चालते. मॅनेजरला अजून हे कळलेलं नाही. कळेल.
मुक्काम धाकट्या मेहुण्याकडे. एक खोली, एक पलंग. पलंगावर अर्थातच मी. जावई आहे.

१० जून
मेहुण्याची नोकरी गेली! पंधरा दिवस झाले म्हणे. पठ्ठ्या रोज सकाळी बॅग घेऊन कुठे जात होता देव जाणे. म्हणाला, ताईला सांगू नका. पाठीवर हात ठेवून म्हटलं, मी आहे ना. म्हणजे आता खोलीचं भाडं आणि हिला पाठवायचे पैसे, दोन्ही माझ्या एकट्याच्या पगारावर. असू दे. खांदे मजबूत आहेत.

११ जून
अपमान! भरदिवसा, सगळ्यांदेखत!
घड्यांच्या टेबलापाशी मी स्वतःसाठी एक स्टूल ठेवलं होतं. वर टॉवेल पसरलेला. मॅनेजरने ते उचलून नेलं. म्हणे हे काम उभ्याने करायचं असतं. आणि दिलं कुणाला? इस्त्रीवालीला! तिचे गुडघे दुखतात म्हणे. माझी इज्जत दुखते त्याचं काय?
भांडणार नाही. भांडणं आपल्याला शोभत नाही. आपण रुसणार. लग्नात कोटाचं कापड हलकं निघालं म्हणून गच्चीत जाऊन बसलो होतो, तेव्हा सासरे, हिचे दोन मामा आणि फोटोग्राफर समजूत काढायला वर आले होते. नवा कोट मिळाला.

१२ जून
रुसवा सुरू. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. भिंतीकडे तोंड करून बसलो, पण सगळ्यांना दिसेल असा. थोड्या वेळाने इस्त्रीवाली जवळ आली. मनात म्हटलं, आली! तिने विचारलं, जेवणार नाहीस? मी मान हलवली. मग मी घेऊ का, म्हणाली. डबा चाटूनपुसून परत दिला.
दुपारभर कुणाशी एक शब्द बोललो नाही. मॅनेजर येऊन म्हणाला, आज बडबड नाही, घड्या भराभर झाल्या, असंच करत जा.
काय माणसं आहेत! समोर माणूस रुसलाय याचा पत्ता नाही. डोस वाढवायला हवा.

१३ जून
कामावर गेलो नाही. कळवलंही नाही. कळवून रुसतं का कुणी?
सकाळी दाढी केली, बरा शर्ट घातला आणि पलंगावर आडवा झालो. मेहुण्याला बजावलं, कुणी आलं तर झोपलेत म्हण. तिसऱ्यांदा विनवणी केली की मगच आत घे. अकराला बेल वाजली. मी लगेच भिंतीकडे वळलो. मेहुण्याने चोख सांगितलं, भावोजी झोपलेत. तो माणूस म्हणाला, झोपू दे की, मीटर कुठे आहे तेवढं दाखव.
मॅनेजरचा दोनदा फोन आला. पहिले दोन उचलायचे नसतात. तिसऱ्याची वाट पाहिली. त्याची बॅटरी संपली असणार.
संध्याकाळी हिचा फोन. मेहुण्याने चुगली केली होती. मी शांतपणे समजावलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, अहो, तिथे नका हो रुसू. तिथे मी नाहीये. आणि रडायला लागली.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण आता नमतं घेतलं तर उद्या कुत्रं विचारणार नाही.

१४ जून
गडबड कुठे झाली ते सापडलं. मध्यस्थच नाही! मध्यस्थाशिवाय रुसवा निघणार कसा? मेहुण्याला पाठवायचं ठरलं. अटी त्याच्याकडून घोकून घेतल्या. स्टूल परत, टॉवेलसकट. मॅनेजरने चारचौघांत चूक कबूल करायची. हात जोडले नाहीत तरी चालेल, आपलं मन मोठं आहे. मेहुणा म्हणाला, भावोजी, तुम्हीच जा ना गुपचूप. याला काही कळत नाही. मी माझा इस्त्रीचा शर्ट काढून दिला. म्हटलं, छाप पडली पाहिजे.

१६ जून, सोमवार
सकाळी ७. मध्यस्थ रवाना.
दुपारी १. अजून पत्ता नाही. बोलणी लांबली म्हणजे अटींवर गंभीर विचार चाललाय. मॅनेजर घाम पुसत असेल.
संध्याकाळी ५. आला. अंगावर लाँड्रीचा निळा गणवेश!
तुमचं नाव काढलं, म्हणाला, तर मॅनेजर म्हणतो, तो तर काम सोडून गेला ना? मग मला विचारलं, तुला घड्या येतात का? मी घालून दाखवल्या.
गद्दार! घरभेदी! आणि तोही माझा शर्ट घालून गेलेला! मी तोंडाला येईल ते बोललो. तो सगळं ऐकून म्हणाला, भावोजी, भाडं कोण भरणार? ताईला कोण पाठवणार? ओल्या चादरींची ट्रॉली ढकलायला एक माणूस हवाय. तुमचं विचारून ठेवलंय. पण उद्या सकाळीच या म्हणालेत, दोघंजण टपलेत त्या जागेवर.
मी? ट्रॉली? याच्या हाताखाली?
याच्यावर रुसलोय. कडकडीत. जेवणार नाही, बोलणार नाही. हा रुसवा वाया जाणार नाही, हा तर घरचाच माणूस. आत्ता येईल ताट घेऊन.
रात्री ८.३०. तो जेवला. भांडी घासली. घोरतोय.

१७ जून
पहाटे उठून मेहुण्याने दाढी केली. चहा केला, माझा कप झाकून ठेवला. उठा म्हणाला नाही. चला म्हणाला नाही. मी भिंतीकडे तोंड करून दोनदा खोकलो. त्याने पायात बूट घातले, दिवा घालवला, दाराची कडी काढली.
मग मीच विचारलं, ट्रॉलीला चपला चालतात का बूटच लागतात.