बानूबाईची अमावस्या

मी, जोतीराम कोंडिबा शेंडे, वय बहात्तर, राहणार निमगाव केतकी, तालुका इंदापूर, धंदा गोळीपेंडीचा (जनावरांच्या खाद्याचा) कारखाना, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवतो की, माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. पत्नी कुशाबाई शेजारी बसली आहे, पण ते दडपण नव्हे, सवय आहे.

१. निमगावचं राहतं घर व बँकेतली ठेव कुशाबाईची. त्यावर कोणी बोलू नये. बोलायचंच असेल तर तिच्यासमोर बोलावं, म्हणजे पुन्हा बोलणार नाही.

२. लोणी देवकरचा कारखाना, आतल्या मशीनसह. या मशीनला कुशाबाई 'बानूबाई' म्हणते. का, ते जेजुरीला जाऊन खंडोबाच्या दोन बायका पाहून आलेल्या कोणालाही कळेल. मुलगा युवराज आणि मुलगी उत्कर्षा, दोघांनाही ती एकट्याला हवी आहे. एकाच्याच हाती दिली तर वर्षभरही टिकायची नाही.

मी दर अमावस्येला मशीन बंद ठेवून नारळ फोडायचो. गेल्या वर्षी मला हार्ट अटॅक आला आणि कारभार युवराजकडे गेला. तो शिकलेला. त्याने अंधश्रद्धा म्हणून अमावस्या बंद केली. "चालतंय नव्हं तात्या? मग कशाला हात लावायचा?" ऐन उन्हाळ्यात, गवळी दारात ट्रॅक्टर लावून उभे असताना बेअरिंग जळालं. मग उत्कर्षा आली. ती श्रद्धाळू. मंगळवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी, सगळं सुरू. प्रत्येक पूजेला मशीन बंद, आणि बंदच आहे म्हणून ते खोलायचं आणि चांगले पट्टे बदलायचे. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात गेलं.

म्हणून आता उघड करतो. मी देवभोळा कधीच नव्हतो. ग्रीस घालायला मशीन बंद ठेवलंय म्हटलं की गिऱ्हाईक भांडतं, अमावस्या म्हटलं की चप्पल काढून हात जोडतं. बाहेर नारळ फुटायचा आणि आत मी अन् माऊली मिस्त्री ग्रीस घालायचो, पट्टे ताणायचो, मग मशीन रिकामं फिरवून बेअरिंगला कान लावायचो. आवाज बदलला असेल तरच खोलायचं, नाहीतर पुसून ठेवायचं.

सबब कारखाना दोघांना समाईक. मशीन कधी थांबवायचं ते उत्कर्षाने ठरवावं, पण अमावस्येलाच. खोलायचं की नाही ते युवराजने. ती आळस करणार नाही, तो खर्च करणार नाही. भांडलात तर माऊली म्हणेल ते.

३. पान्यांची पेटी युवराजला, नारळाचा कोयता उत्कर्षाला. पेटीतला चौदाचा पाना शेजारच्या प्लॉटवाल्याने नेलेला आहे. त्याने तो माझ्या दहाव्याला सगळ्यांदेखत परत करावा.

४. वकील म्हणतात, शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. बारामतीचे डॉक्टर म्हणतात, आधी तपासणी. अटॅकनंतर त्यांनी वरचेवर बोलावलं होतं, मी गेलो नाही. "चालतंय की," असं मी आत्ताच म्हणालो, आणि युवराज हसला.

कुशाबाई हसली नाही. "बानूबाईला म्हैन्याच्या म्हैन्याला कान लावताय," ती म्हणाली. "तुमच्या छातीला कोन लावतं, ठावं हाय? मी लावते, तुमी झोपल्यावर. लई भ्या वाटतं मला."

हे मला माहीत नव्हतं. सबब यापुढे अमावस्या माझीही. सकाळी मशीन, दुपारी मी.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे. अमलात आणायची कोणी घाई करू नये.

ठिकाण: लोणी देवकर
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५, कार्तिक अमावस्या, मशीन बंद

सही: जोतीराम कोंडिबा शेंडे

साक्षीदार:
१. माऊली ज्ञानदेव राऊत, मिस्त्री (कागदावरचा डाग ग्रीसचा आहे, खाडाखोड नव्हे)
२. अॅड. अनिमेष देवधर, बारामती

सोबत: डॉक्टरांचा दाखला, संध्याकाळपर्यंत जोडण्यात येईल. कुशाबाई फाईल घेऊन गाडीत बसली आहे.