माडावरच्या माणसाला हाक

बाबा, इथे ओमानातसुद्धा माड आहेत. मस्कतमध्ये सगळा खजुराचा कारभार, पण विमानाने दक्षिणेला सलालाला उतरलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माड, केळी, पपया आणि झावळ्यांच्या फटींतून समुद्र. नोव्हेंबरातल्या सुट्टीला जोडून शुक्रवार-शनिवार आला म्हणून आम्ही तिघं गेलो होतो: तुमचे जावई, मी आणि तुम्ही न पाहिलेली तुमची नात. भाड्याच्या गाडीतून समुद्राकाठचा मुलूख निवांत बघायचा, एवढाच बेत. आणि मी काय करावं? प्रत्येक माडाचा शेंडा न्याहाळत बसले, कुठे मडकं टांगलंय, कुठली फुलोऱ्याची पोय दोरीने आवळलीय. एकाही माडाला काही नाही. "एवढे माड आणि कोणीच माडी काढत नाही? वायाच की सगळं!" असं माझ्या तोंडून निघून गेलं. जावई तुमचे पुण्याचे, त्यांना आयतंच सापडलं. "काढ की तू. नोकरी, व्हिसा, एका मडक्यात सगळं खलास," म्हणाले. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "आई, माडी म्हणजे वाईनच ना? कोकोनट वाईन?" वाईन नाही गं, म्हटलं, माडी. सकाळची गोड, दुपारची आंबूस, आणि संध्याकाळची प्यायली की माणूस स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणतो. वाक्य तुमचंच, मी फक्त खपवलं. दोघं इतकी हसली की गाडी बाजूला घ्यावी लागली.

हसत होते, पण लेकीला एक उत्तर द्यायचं बाकी होतं. लेकीला बारावीनंतर पुण्याला शिकायला जायचंय, एकटीने, हॉस्टेलवर राहून. तिच्या बाबांनी कधीच हो म्हटलंय. अडलंय ते माझ्यापाशी. विमानात तिने तिच्या अडखळत्या मराठीत बजावलं होतं, "आई, परत जायच्या आधी सांग. येस ऑर नो. 'बघू' नाही म्हणायचं." मी बाई भित्री. या पोरीला मी झोपाळ्यावर उभीसुद्धा राहू दिली नाही. मस्कतमधल्या, बौशरच्या आमच्या घराच्या गच्चीचं दार कुलूप लावून बंद, किल्ली माझ्या पर्समध्ये. ही भीती कुठून आली ते तुम्हाला सांगायला नको. सकाळ-संध्याकाळ तुम्ही माडी काढायला माडावर, आणि आई खाली पदराचा बोळा मुठीत धरून उभी. गंमत म्हणजे तुम्ही कधी पडलाच नाहीत. गेलात ते अंथरुणात, साध्या तापाने. पडणं आमच्या घरात घडलंच नाही, भीती मात्र आईकडून माझ्याकडे सोन्याच्या पाटल्यांसारखी जपून आली.

आणि आई नुसती उभी राहायची, बोलायची नाही. तुमचा नियमच होता तो. एकदा शेजारच्या काकूने म्हैस सुटली म्हणून खालून तुम्हाला हाक मारली. तुम्ही सावकाश उतरलात, कमरेचा कोयता काढून ठेवलात आणि आवाज न चढवता म्हणालात, "माडार असलेल्या माणसाक खालसून हाक मारूची नाय. हाक मारल्यार तो खाली बघता, आणि बघल्यान की हात सुटता." मग म्हैस शोधायला तुम्हीच गेलात. त्यानंतर आमच्या अंगणात पाहुणा येवो की पोस्टमन, तुम्ही वर असलात की सगळे गप्प. भात निवायचा, पण हाक नाही.

त्या दिवशी आम्ही किनाऱ्याने पूर्वेला मिरबातपर्यंत गेलो. टपरीवर थांबून करक चहा प्यायलो. एका गल्लीत लोबान विकणाऱ्या बाईने माझ्या ओढणीखाली धुपाटणं धरलं आणि दिवसभर मी देवघरासारखी दरवळत राहिले. दुपारी बंदराजवळ तळलेला मासा आणि भात खाल्ला. जावई होड्यांच्या सावलीत चक्क घोरले. लेक पाण्याकाठी शिंपले वेचत होती आणि मी तिच्या पाठीकडे बघत 'नाही' कसं म्हणायचं याची तालीम करत होते. फी, जेवण, आजारपण, रात्रीच्या रिक्षा. कारणं बरीच होती, एकही खरं नव्हतं.

परतताना उन्हं कलली तेव्हा एका बागेपाशी शहाळी प्यायला थांबलो. शहाळी फोडणारा केरळचा. बागेचा मालक, म्हातारा ओमानी, खुर्चीत बसून खजूर खात होता. एक बांगलादेशी गडी पायात दोरीचं कडं अडकवून माडावरून उतरत होता. अगदी तुमच्यासारखं कडं. लेक बघतच राहिली. मग तिने विचारलं, "भैया, मैं ट्राय करूं?" गडी हसला आणि म्हणाला, "अर्बाब से पूछो." अर्बाबने, म्हणजे त्या म्हाताऱ्या मालकाने, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजूचा एक वाकडा, बुटका माड दाखवला आणि हात उडवला, "यल्ला, यल्ला! मा फी मुश्किल." कोणाला मुश्किल नव्हतीच, मी सोडून. मी "अगं" म्हणेपर्यंत तिने चपला काढल्या होत्या. गड्याने कडं तिच्या पावलांत घातलं. मी जवळ गेले आणि माझ्या तोंडून आलं ते भलतंच. "खोडाला मिठी मारू नकोस, छाती लांब ठेव. आधी हात, मग पाय. आणि खाली बघायचं नाही." तुमचे जावई माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी अरबीत बोलले.

ती चढते आहे. एकदा पाय घसरतो, पुन्हा धरते. एक पुरुष, दीड पुरुष, दोन. माझ्या हाताची मूठ वळलेली आहे आणि तीत ओढणीचा बोळा आहे, हे मला नंतर कळलं. तिचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर आहे. पुरे, उतर, ऐक माझं. बाबा, मी ते गिळलं. तोंड घट्ट मिटून, मान वर करून, नुसती उभी राहिले.

आणि तशी उभी असताना मला एसटी स्टँड आठवला. मी पहिल्यांदा मुंबईला नोकरीला निघाले तो दिवस. प्रत्येक खिडकीखाली कोणी ना कोणी ओरडत होतं, पत्र घाल गो, डबो सांभाळ, पोचल्यावर कळव. तुम्ही मात्र टपरीच्या कडेला एकटे, गप्प. गाडी सुटली तेव्हा मी मागे वळून बघितलं, तर तुम्ही मान वर करून, तोंड मिटून बघत होतात. हात हलवला नाही, हाक तर नाहीच. मी कशेडी घाटापर्यंत रडले. पुढे कितीतरी वर्षं सांगत आले, आमचे बाबा तसे कोरडेच होते. त्या माडाखाली मला कळलं की तुम्ही कोरडे नव्हतात. तुमच्या लेखी मी माडावर होते.

लेक उतरली. तळवे सोलले होते, गुडघा लाल, आणि चेहरा असा की मी तो पूर्वी पाहिलाच नव्हता. "आई, तू काहीच बोलली नाहीस!" म्हणाली. मी तिचे हात शहाळ्याच्या पाण्याने धुतले, जावई ओरडत होते की पिण्याचं पाणी आहे ते. धुता धुता म्हटलं, "पुण्याला जा." तिला वाटलं मी चिडून म्हणतेय. पुन्हा म्हणावं लागलं. मग ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हाताऱ्या अर्बाबने काही न विचारता आणखी तीन शहाळी फोडायला सांगितली.

ती गेल्या जूनमध्ये गेली. बरी आहे. मेसच्या जेवणाला नावं ठेवते आणि मराठी तुमच्या नातीला शोभेल इतपत सुधारलंय. गच्चीचं कुलूप मी काढलं, संध्याकाळी तिथे चहा पिते. हे पत्रही तिथेच बसून लिहितेय. पाठवायचा प्रश्न नाही, तुमच्या गावचा पोस्टमन अजून मला ठाऊक नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं. विमानतळावर तुमच्यासारखं उभं राहायचं मी पक्कं ठरवलं होतं. गप्प, मान वर, हात खाली. ती आतल्या दारापर्यंत पोचेस्तोवर मला ते जमलंही. मग नाही जमलं, बाबा. एवढ्या माणसांत मी मोठ्याने हाक मारली. तिने वळून बघितलं. हात सुटला नाही तिचा.