गुड्डू सापडला आहे

८ डिसेंबर, जाम
या हॉटेलात तीन आठवडे झाले. एका जागी मी इतका टिकलो म्हणजे नवलच. डायरी खत कंपनीची, दोन वर्षं जुनी, एका ड्रायव्हरनं टेबलावर सोडलेली. वार खोडून लिहितो.
चौकातून नागपूर, हैदराबाद, वर्धा, चंद्रपूर, कुठंही जाता येतं. भजी तळता तळता रोज एक रस्ता ठरवतो. मग कांदा संपतो, चिरायला बसतो, राहून जातं.
मालक कवडूभाऊ. शिव्या देतो, पण जेवताना बाजूला बसवतो.
एका कानाचा एक कुत्रा येतो. ट्रकच्या हॉर्नला हलत नाही, झाऱ्याच्या आवाजाला पळत येतो. त्याच्यावर वेगळं लिहीन.

९ डिसें.
हवालदार आला. नागपूरला अधिवेशन सुरू आहे. तिथं कोणी प्रश्न टाकला की हायवेच्या हॉटेलांत परदेशातले लोक बिनकागदाचे कामाला आहेत. म्हणून हॉटेलाहॉटेलांत फॉर्म. नाव, बापाचं नाव, गाव, आधार नंबर. वीस तारखेच्या आत.
मी चहा दिला तर म्हणाला, "हिंदी भलती साफ आहे बे तुयी. तिकडचा तं नाई?"
कवडूभाऊ हसला. मीही हसलो. नावाच्या घरात गुड्डू लिहिलं. पुढची घरं रिकामी.
हवालदार गेल्यावर क.भाऊ हसला नाही. म्हणाला, कागद आण कुठून तरी. नाहीतर वीस तारखेनंतर ठेवता येणार नाही, माझंही हॉटेल आहे.
रस्ता ठरवायचा तर हीच वेळ. पण या खेपेला जावंसं वाटलं नाही. काऊन ते माहीत नाही. कुत्रा असेल.

११ डिसें.
क.भाऊनं मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता. आपल्या भागातल्या आमदाराचा प्रश्न आज येणार म्हणे. गिऱ्हाइकं पण वळून बसली.
मंत्री उभा राहिला. हायवेवर गस्त वाढवली. बाहेरच्यांची तपासणी सुरू आहे. मग एकदम मुलांवर आला. वर्ध्याच्या बालगृहातून निघून गेलेली सगळी मुलं सापडली, पालकांच्या ताब्यात दिली.
झारा तेलातच राहिला. भजी काळी.
क.भाऊ: "लक्ष कुठं आहे तुयं?"
त्या बालगृहातून निघून गेलेल्यांपैकी मी एक. आणि मी तर इथं भजी जाळतो आहे.

१२ डिसें.
गावाच्या ग्रुपवर प्रश्नोत्तरांचा छापील कागद आला. क.भाऊच्या मोबाईलवर वाचला, तीनदा. भाषा गंमतीची. आमदार विचारतो, हे खरे आहे काय. मंत्री म्हणतो, हे अंशतः खरे आहे. शेवटचा प्रश्न: कोणी बालक अद्याप बेपत्ता आहे काय? उत्तर: प्रश्न उद्भवत नाही.
दिवसभर तेच तोंडात. ड्रायव्हर म्हणे, चटणी आहे का? म्हटलं, प्रश्न उद्भवत नाही.
हसायला आलं, मग आलं नाही.
मी सापडलो नाही हे मला माहीत आहे. मग सोबत पळालेला सोनू?

१३ डिसें.
लिहून टाकतो, नाहीतर डोक्यात फिरत राहतं.
मी चार वर्षांचा असेन, वर्धा स्टेशनवर सापडलो. पोलिसांना फक्त 'गुड्डू' एवढंच सांगता आलं, असं बालगृहात लिहिलेलं होतं. जन्मतारीख, आडनाव, सगळं तिथल्यांनी दिलं. नाव तेवढं मी सोबत आणलेलं.
सोनू बाजूच्या पलंगावर. त्याला तर कोणी बालगृहाच्या दारात पोत्यावर ठेवून गेलेलं, नावही बालगृहाचंच. तेरा वर्षांचे असताना दोघं पळालो. त्रास नव्हता. खिडकीतून गाड्या दिसायच्या, एवढंच.
गाडीत ठरवलं. जो पकडला जाईल त्यानं दुसऱ्याचं नाव सांगायचं. म्हणजे पोलीस समजतील की सुटलेला सापडला, आणि जो त्यांच्याच हातात बसला आहे त्याला शोधत फिरतील. भलतेच हुशार समजत होतो स्वतःला.
बल्लारशाला सो. पाणी आणायला उतरला. शिपायानं दंड धरला. मी बर्थखाली होतो. सो.नं डब्यात वळून पाहिलं. मी आवाज दिला नाही. गाडी सुटली.
नऊ वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही. सांगायला होतं कोण.

१५ डिसें., वर्धा
एसटीनं आलो. ऑफिस सापडेपर्यंत कापसाच्या गाड्या पाहत दीड तास गेला. एका बैलाच्या शिंगाला निळी रिबन.
बालगृहांचं पाहणाऱ्या सरकारी ऑफिसात एक ताई, साडीवर स्वेटर, टेबलावर उघडा डबा. म्हटलं मी त्या बालगृहात होतो, गुड्डूचं पाहायचं आहे.
बाहेरच्याला सांगता येत नाही म्हणाली. मी गेलो नाही, उभाच राहिलो. मग माझ्याकडं पाहून रजिस्टर काढलं. गुड्डू. सापडला, बल्लारशा. चंद्रपूरच्या बालगृहात ठेवला. दोन महिन्यांनी वडनेरहून आईबाप आले, ओळख पटली, घेऊन गेले.
म्हणजे सो.नं माझं नाव सांगितलं. ठरल्याप्रमाणे.
म्हणजे माझ्या नावाचे आईबाप आले होते.
ताईनं विचारलं, तू कोण त्याचा? म्हटलं दोस्त. मग म्हटलं, आणि सोनू?
तिनं बोट खाली नेलं. पान उलटलं. मागच्या बाजूला एकच ओळ होती. सोनू. शोध सुरू.
डब्याचं झाकण लावलं तिनं. मग खालच्या आवाजात सांगितलं. मंत्र्याच्या उत्तराच्या आदल्या दुपारी फोन आला होता, पाचच्या आत माहिती पाठवा, उत्तर छापायला जायचं आहे. तिनं हे पान पाहिलं, मागची बाजू पाहिली नाही. तेच नागपूरला गेलं, तेच मंत्री बोलले.
"आता ते चूक निघालं तं मंत्र्याले सभागृहात उभं राहून सांगा लागते. अन् मले इथं." वाक्य सोडून दिलं.
निघताना मागून आली. "सोनू कुठं भेटला तं माह्याकडं घेऊन येजो. आधी माह्याकडं. आता मोठा झाला असन, दाखला मी देतो, त्याच्यावर आधार निघते."

१६ डिसें.
कामात राहिलो. आमटी खारट. क.भाऊनं पाणी घालून खाल्ली, शिवी दिली नाही, तेच जास्त लागलं.
वडनेर इथून हैदराबादच्याच रस्त्यावर आहे. हिंगणघाटच्या पुढं. या नऊ वर्षांत ट्रकमधून किती वेळा गेलो त्याच्यावरून. एकदा तिथं पंक्चरही झालो होतो.

१७ डिसें., वडनेर
भाजीची वाडी. विहीर, मेथी, वांगी, पालक. अंगणात एक बाई मेथीच्या जुड्या बांधत बसलेली. केळीच्या खोडाचा ओला सोप, दोरीसारखा, दातात धरून ओढायची, गाठ मारायची.
मला लहानपणचं काहीच आठवत नाही. फक्त कोणी तरी दातात धरून काही ओढतं आहे, आणि पाण्याचा शिंतोडा माझ्या तोंडावर. हे बालगृहातही आठवायचं. पण जुड्या सगळेच तशा बांधतात.
म्हटलं गुड्डूचा दोस्त आहे, जामहून आलो. खूष झाली. त्याचे दोस्त येत नाहीत म्हणे कोणी. आत हाक दिली, "गुड्डू, पावन्याले पाणी दे रे."
मी उठलो.
ती म्हणाली, तू बस बाबू, तुले नाई.
सो. पाणी घेऊन आला. मिशी आहे. खांदे रुंद. मला पाहून तांब्या हातातच धरून राहिला.
बाईनं आपण होऊन सांगितलं. हिंगणघाटच्या बाजारात हात सुटला, चार वर्षांचा होता. कोणी म्हणे गाडीत बसलेला पाहिला. बाप वर्षानुवर्षं विचारत फिरला, मग चंद्रपूरच्या बालगृहातून निरोप आला. बाप मागच्या वर्षी गेला.
मी विचारलं, इतक्या वर्षांनी ओळखलं कसं?
"नाव तेच होतं नं बाबू. गुड्डू. अजून काय पाहू?"
भाकर, वांग्याची भाजी वाढली. माझ्या ताटात दोनदा तेल टाकलं. सो. जेवला नाही.
मग मला विहिरीकडं घेऊन गेला. मोटर सुरू केली, म्हणजे आवाजात ऐकू जाणार नाही.
"तू बर्थखाली होता. तुयी चप्पल दिसत होती मले. अन् मी तुयंच नाव सांगतलं. ठरलं होतं नं आपलं."
म्हटलं, हो.
"दोन महिन्यांनी हे आले. तिनं हात धरला तं घट्ट धरला. मी बोललोच नाई. मंग कधी बोलू? रोज वाटे उद्या सांगीन." पाण्याकडं पाहत होता. "तू इकडचाच आहे का ते मले नाई माहीत. तिले नाई माहीत. गुड्डू का गावात एक राह्यते?"
विहिरीत एक बेडूक होता, पिवळा. त्याच्याकडंच पाहत राहिलो.
"फेब्रुवारीत मायं लगन आहे," तो म्हणाला. "नाव वापस पाह्यजे असन तं आज सांग. मीच सांगतो तिले. तुले नाई सांगा लागणार."
"आज नाही," म्हटलं. उद्या सांगतो असंही म्हटलं नाही.
निघताना बाईनं मेथीच्या दोन जुड्या दिल्या. येत जाजो म्हणाली. सो. रस्त्यापर्यंत आला. हात वर केला नाही. पण ट्रक मिळेपर्यंत उभा होता.

१८ डिसें., जाम
मेथीची भजी केली. भलती खपली. एक जुडी ठेवली आहे, सोप सोडला नाही. मेथी वाळते आहे.
ती माझी असेल. नसेल. रक्त तपासतात म्हणे, पण त्यासाठी आधी तोंड उघडावं लागेल. आणि तोंड उघडलं की ती कोणाची राहणार? जो घरात आहे तो पोरगा नाही, आणि जो पोरगा असेल त्यानं तिच्या हातची भाकर खाल्ली, पावना म्हणून.
पण तोंड नाही उघडलं तर मी कोण.
क.भाऊला विचारलं, भाऊ, नाव बदललं तर माणूस बदलते का? म्हणाला, तू आधी भांडे घास.

१९ डिसें.
अधिवेशन संपलं. मोबाईलवर आता तुरीचे भाव. मंत्री मुंबईला गेला असेल. त्याला ते उत्तर आठवतही नसेल.
रजिस्टरमधे एकच जागा रिकामी आहे, आणि ती सो.ची. ताई ज्याची वाट पाहते आहे तो मी होऊ शकतो. सोनू, सापडला. सगळ्यांचं खरं होईल. मंत्र्याचं, ताईचं, वडनेरच्या बाईचं. उद्याच्या फॉर्ममधे सोनू भरायचं. दाखला, आधार, जाममधे जागा.
आम्ही ठरवलेलं होतंच की एकमेकांचं नाव सांगायचं. मी तेवढं नऊ वर्षं सांगितलं नाही.
पण सोबत आणलेलं नाव एवढंच होतं.
कुत्रा आज आला नाही.

२० डिसें., वर्धा
ऑफिसच्या बाकावर लिहितो आहे. क.भाऊ स्वतः एसटीत बसवून गेला. म्हणाला, कागद झाला की दुपारच्या गाडीनं ये, संध्याकाळी गर्दी राह्यते. म्हणजे जागा ठेवली आहे.
कुत्रा सकाळी दिसला, पेट्रोलपंपावर. तिथंही भजी असावीत.
फॉर्म मांडीवर. नावाचं घर क.भाऊनं पांढरी शाई लावून पुसून दिलं, कागदावर येईल ते भर म्हणाला. खाली गुड्डू अजून दिसतं, तिरपं धरलं तर.
समोर जीपच्या टपावर खार बसली आहे. शेंग धरून फिरवते आहे, खात नाही.
ताईनं दारातून पाहिलं. ओळखलं. आत ये म्हणाली नाही. चष्मा काढला, आणि अगदी हळू विचारलं.
"सोनू का?"
खार अजून तिथंच आहे. ताई पण.