पालथं घड्याळ

७ फेब्रुवारी, रविवार

आजची बैठक माझ्याकडे. वकील आले, बँकवाले आले. सर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी हजर, आणि चहा होईपर्यंत टेबलावर हिरवं कापड अंथरून मोकळे! मग घड्याळं बाहेर — सगळी पालथी. आमचा नियमच आहे तो. मागचं झाकण उघडायचं, तबकडीकडे ढुंकूनही बघायचं नाही. तोंड बघून भुलतं ते गिऱ्हाईक, पोट बघून भुलतो तो शौकीन, असं सर म्हणतात. दिवसभर लोकांच्या तोंडात बघणाऱ्या माझ्यासारख्या दाताच्या डॉक्टरला हे पटायला वेळ लागला नाही.

बाबांचं खिशातलं घड्याळ आणि सरांचं, दोन्ही एकाच कारखान्याची, एकाच बनावटीची, पाठोपाठच्या नंबरांची. एकाच पेटीतून आलेली असणार. त्या जोडीमुळेच तर सरांची नि माझी ओळख झाली. नाहीतर कुठे ते चित्रकलेचे मास्तर आणि कुठे मी! आज दोन्ही शेजारी शेजारी उघडली. आतल्या पट्ट्यांच्या कडा अजून आरशासारख्या. कुणीतरी हाताने घासत बसला असेल, तेही बंद झाकणाखाली, जिथे कुणी बघणार नव्हतं! सरांनी भिंग लावून पट्टी न् पट्टी पाहिली. मग म्हणाले, "तुमच्या बाबांनी जपलंय हो." मला भरून आलं. हा माणूस भेटला नसता तर मी हे घड्याळ नुसतं कपाटात ठेवून दिलं असतं.

८ फेब्रुवारी

ताई आली. थोडे दिवस राहणार. घर भरल्यासारखं वाटतं.

९ फेब्रुवारी

ताईने बाबांचं घड्याळ बघायला मागितलं. मी हौसेने मागचं झाकण उघडून दाखवायला गेलो, तर तिने ते सरळ उलटं केलं, तबकडी बघितली आणि विचारलं, "चीर कुठे गेली?"

कसली चीर? मला काही आठवेना. मग तिने सांगितलं. ती लहान असताना तिच्या हातून घड्याळ पडलं होतं. तबकडीच्या पांढऱ्या मिन्यात चारच्या आकड्यापासून मध्यापर्यंत केसासारखी चीर गेली. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. पण पुढे तिच्यासमोर वेळ बघायची झाली की अंगठा त्या चिरेवर ठेवायचे. तिला दिसू नये म्हणून! "मला कळायचं रे सगळं," ताई म्हणाली आणि रडायला लागली.

मी भिंग लावून पाहिलं. चीर नाही. तबकडी कोरी, पांढरीशुभ्र. इतकी वर्षं हे घड्याळ माझ्याकडे आहे आणि त्याचं तोंड मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

तबकडी बदललेली आहे. बाबांच्या घड्याळाची!

११ फेब्रुवारी

दोन दिवस एकच विचार. घड्याळ घराबाहेर एकदाच गेलं. गेल्या वर्षी मी परिषदेसाठी परगावी गेलो होतो तेव्हा. तेल द्यायला, सरांकडे; आमच्या सगळ्यांच्या घड्याळांची कामं तेच करतात. मीच जाताना बायकोला सांगून गेलो होतो, नेऊन दे म्हणून. दुसऱ्या कुणाचा हातच लागलेला नाही.

सर! मला बघायला शिकवणारे सर! जुनी अस्सल तबकडी चिरेसकट बाजारात भारी किमतीला जाते, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. ती काढून घेतली आणि कसली तरी नवी नक्कल बसवून दिली. मी तबकडीकडे बघत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! केसाने गळा कापला. आणि मी दर रविवारी त्यांच्या कपात स्वतःच्या हाताने साखर ढवळत होतो.

हिला सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "चांगली दिसतेय की तबकडी. जाऊ द्या ना आता." हिला काय कळतंय त्यातलं!

१२ फेब्रुवारी

ताई गेली. जाताना म्हणाली, तोंडाला येईल ते बोलू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. माझा स्वभाव! चोर सोडून संन्याशाला सुळी.

१४ फेब्रुवारी, रविवार

बैठक वकिलांकडे. सगळ्यांसमोर विचारलं. मला वाटलं होतं सर चिडतील, नाही म्हणतील, निदान कारण तरी देतील. काही नाही! एवढंच म्हणाले, "घड्याळ नीट चालतंय ना?"

निर्लज्जपणाची हद्द! मग मात्र माझा ताबा सुटला. चोर म्हटलं. गुरू म्हणून पाया पडायचो त्याची लाज वाटते म्हटलं. वकील कापडाकडे बघत बसले. सरांनी आपलं घड्याळ उचललं, तसंच पालथं रुमालात गुंडाळलं आणि निघाले. दारात चपलेत पाय सरकवताना त्यांचा तोल गेला. मी जवळच उभा होतो. हात दिला नाही.

१५ फेब्रुवारी

आज पेशंटची भलतीच दाढ चिमट्यात धरली. तोच ओरडला म्हणून वाचलो. राग काही उतरत नाही.

१७ फेब्रुवारी

बँकवाल्यांचा फोन. सर यापुढे येणार नाहीत. बरं झालं!

ही दोन दिवस धड जेवत नाही. विचारलं तर डोकं दुखतंय म्हणते.

बरं झालं असं वर लिहिलं खरं. पण रविवारी कापड कोण अंथरणार?

२० फेब्रुवारी

ती नक्कल डोळ्यांसमोर नको म्हणून आज काढायला बसलो. बारीक स्क्रू सैल केले, तबकडी हातात आली. उलटी केली. मागे तांबं, काळं पडलेलं, जुनं. नक्कल म्हणावी तर हे कुठून आलं? मग लक्षात आलं. त्या कारखान्यात प्रत्येक तबकडीच्या मागे यंत्राचा नंबर ओरखडून ठेवायचे, जोड्या चुकू नयेत म्हणून. भिंग लावलं. नंबर आहे. पण माझ्या यंत्राचा नाही, त्याच्या पुढचा.

सरांचा!

काहीच कळेना. स्वतःची बिनचिरेची, अस्सल तबकडी काढून त्यांनी मला का द्यावी? आणि मग त्यांच्या घड्याळावर काय आहे? आठवून पाहिलं. ते घड्याळ मी कधी सुलटं पाहिलेलंच नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी तबकडी हातात घेऊन बसलो होतो. ही दारात येऊन उभी राहिली. "सरांकडे न्यायला काढलं आणि हातातून निसटलं. तबकडीवरच्या मिन्याचे तुकडे उडाले. त्यांनी स्वतःची काढून बसवून दिली. कुणाला सांगू नका अशी शपथ मीच घातली होती त्यांना."

मला का नाही सांगितलंस, एवढंच विचारलं.

"ताईंच्या हातून पडलं तेव्हा घरात बाबा होते," ती म्हणाली. "माझ्या हातून पडलं तेव्हा तुम्ही."