अप्पांच्या खुर्चीचं कातडं

दि. ६ जानेवारी

चि. सौ. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. अप्पांना आता तुझ्याकडे न्यायचं हे तू आपणहून लिहिलंस, बरं वाटलं. आई गेल्यापासून अकरा वर्षं ते माझ्याकडे आहेत. तक्रार नाही, पण दुकानाला जागा पुरत नाही. मागच्या त्यांच्या खोलीत कापायचं मोठं टेबल बसतं, मी मापं घेऊन ठेवली आहेत. हे त्यांच्यापाशी बोललेलो नाही. तूही बोलू नकोस.

त्यांची खुर्ची त्यांच्याबरोबर यायलाच हवी, पण ती आहे त्या अवतारात तुझ्या नव्या दिवाणखान्यात शोभणार नाही, हे तुझं म्हणणं पटलं. जन्मभर लोकांच्या खुर्च्या मढवल्या आणि स्वतःची फाटकीच ठेवली, असा हा माणूस! तर कातडं तू निवड, मढवतो मी. झाली की खुर्ची आणि अप्पा एकाच टेम्पोने पाठवतो.

सोबत वेगळ्या पुडक्यात चार नमुने आहेत. पहिला तांबूस आणि मऊ. दुसरा काळा, जाड. तिसरा मधाच्या रंगाचा, त्यावर जनावराच्या मानेच्या सुरकुत्या आणि काटेरी तारेचे ओरखडे दिसतात. अप्पांच्या मते तोच सगळ्यांत चांगला, कारण डाग नसलेलं कातडं म्हणजे घासून वर रंग फासलेलं. चौथा तसाच रंग फासलेला आहे, पण चहा सांडला तर पुसून निघतो. हात फिरवून बघ, वास घे, पाण्याचा थेंब टाकून बघ. तुला काय शिकवायचं म्हणा, तू कातरणांत लोळतच मोठी झालीस.

पुडकं अप्पांनी स्वतः शिवलंय, मेण लावलेल्या दोऱ्याने आणि त्यांच्या त्या उलट्या गाठीने. ती सोडवायच्या भानगडीत पडू नकोस, सरळ ब्लेडने काप. त्यांनी बॅगसुद्धा भरून ठेवली आहे. चष्मा तिच्यातच गेला आणि काल दिवसभर आम्ही घर उलथंपालथं केलं.

मुलांना गोड पापा. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
दादा


दि. २ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नमुने मिळाले. उत्तराला उशीर झाला म्हणून नाक फुगवू नकोस, इथे मला श्वास घ्यायला फुरसत नाही.

पहिला फारच तांबूस आहे, आमच्या पडद्यांशी अजिबात जुळत नाही. दुसरा काळा बघून हे म्हणाले की वकिलाच्या ऑफिसात बसल्यासारखं वाटेल. तिसऱ्यावरून हात फिरवला तर ते ओरखडे बोटांना लागतात. अप्पांना आवडला ते ठीक, पण आल्यागेल्याला वाटेल की कुठून तरी जुनाच माल उचलून आणला. चौथा पुसता येईल हे खरं, पण त्याचा वास इतका उग्र की माझं डोकंच धरलं. म्हणून पुडकं परत पाठवतेय. आणखी काही दाखवशील का? एकदाच करायचं तर मनासारखं होऊ दे. तोवर मुलांच्या परीक्षाही आटपतील.

अप्पांना सांग, मी त्यांची वाट बघते आहे. वहिनीला नमस्कार. धाकट्या बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिंगी


दि. २० फेब्रुवारी

चि. सौ. चिंगीस,
अ. उ. आ.

पुडकं परत आलं. अप्पांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि तसंच फळीवर ठेवून दिलं. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, पोरीची नजर फार चोखंदळ आहे. मला तर हसू आलं.

टॅनरीवाल्याच्या हातापाया पडून आणखी पाच तुकडे मिळवलेत. हे पुडकं मीच बांधलंय. अप्पांना शिवायला सांगितलं, तर सुई दिसत नाही म्हणाले. कालपरवापर्यंत दिसत होती! हल्ली ते रोज बॅगेतला सदरा काढतात, झटकतात, परत घडी करून ठेवतात. बघणाऱ्याला बरं वाटत नाही गं. टेबलासाठी सुतारही दोनदा येऊन गेला. आता फार चिकित्सा न करता एकावर बोट ठेव.

बाकी क्षेम. उत्तर लवकर आलं तर प्रेम पोचलं असं समजेन.

तुझा,
दादा


दि. ३ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मी मुद्दाम का उशीर करतेय? घर सजवून दोनच वर्षं झाली, एक चुकीची वस्तू आली की सगळी खोली बिघडते. ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

पाचांतला शेवटचा, बदामी, मला बरा वाटतो. मात्र मानेचा भाग नको, सुरकुती एकही दिसता कामा नये. आणि एक सुचवते. खुर्ची तेवढी आधी पाठव. खोलीत कशी दिसते ते बघू, आणि मग अप्पांचं ठरवू.

रागावू नकोस. पाठीवर हात असू दे.

तुझी,
चिंगी


दि. २२ एप्रिल

चि. सौ. चिंगीस,
अ. उ. आ.

खुर्ची आधी आणि बाप नंतर? लिहिताना हात कापला नाही तुझा? मला शहाणपण शिकवायचं नाही, पण महिनाअखेरीला टेबल बसतंय आणि ते काही मी आता थांबवू शकत नाही. तू नेलं नाहीस तर त्यांची दुसरी सोय बघावी लागेल. मग भाऊ वाईट म्हणून गावभर सांगत फिरू नकोस.

आज आणखी लिहवत नाही. पाकीट चिकटवायला अप्पांकडे देतो.

दादा


दि. २९ एप्रिल

चि. दादा व चि. सौ. चिंगी यांस,
अ. उ. आ.

पत्र एकच आहे, दोन प्रती केल्या आहेत. कुणाला जास्त लिहिलं यावरून भांडू नका.

मी वृद्धाश्रमात आलो आहे. इथल्या बाकांचं काम मी एकेकाळी केलं होतं, व्यवस्थापकांनी ओळख ठेवली. बॅग भरलेलीच होती, त्यामुळे निघायला वेळ लागला नाही. न्यायला येऊ नका.

दादा, आलेली पत्रं तू खिळ्यांच्या डब्याखाली ठेवतोस आणि जाणारी चिकटवायला माझ्याकडे देतोस. डिंक लावणाऱ्याला वाचता येतं, हे तुझ्या ध्यानात यायला हवं होतं. खोली हवी होती तर मला मागायचीस. मी दिली असती, मला काय करायची होती? टेबलाची मापं मात्र चार बोटं चुकली आहेत. त्या मापाने बसवलंस तर खिडकी उघडणार नाही. सुतार यायच्या आत पुन्हा घे.

चिंगे, पहिलं पुडकं तू उघडलंच नाहीस. माझी गाठ मी ओळखतो. ती जशी घातली तशीच परत आली, वर फक्त नवा कागद. तुझ्या पत्रात बोटांना ओरखडे लागले हे वाचून मला किती बरं वाटलं होतं! ते सगळं तू दादाच्या पत्रावरून लिहिलंस. आणि चौथ्याला उग्र वास आला म्हणालीस. रंग फासलेल्या कातड्याला वास राहत नाही, हे तुला सातव्या वर्षी ठाऊक होतं. नको होतो तर एका ओळीत लिहायचंस. मी चार महिने रोज सदऱ्याची घडी घातली.

पुडकं फळीवर आहे, दादा, ते कापून नमुने गिऱ्हाइकांना दाखव. खुर्ची मढवू नकोस. ज्याला हवी त्याला आहे तशी देऊन टाक.

इथे खुर्च्या रेक्झिनच्या आहेत. मी उभ्या हयातीत दुकानात रेक्झिन येऊ दिलं नाही. बसलं की घाम येतो आणि उठताना पाठ सोलल्यासारखी होते. पण पुसायला सोप्या. माझी खुर्ची मला दिली तेव्हा ओलीच होती, आधीचा माणूस सकाळीच गेला होता. रंग हिरवा आहे. चालेल का, असं कुणी विचारलं नाही, आणि दोन मिनिटांत बसायला जागा झाली.

तब्येत ठीक. लोभ आहे तेवढाच असू द्या, वाढवायची तसदी घेऊ नका.

तुमचा,
अप्पा