चंदीच्या नखातला काळा रंग

जोहे,
८ जुलै १९९४

चि. सरू,
आईचे तुला आणि लेकरांना आशीर्वाद. रोह्यात सगळी खुशाल असाल असं धरून चालते, कारण पत्र तर तू घालत नायस. इकडे कारखान्यात गणपतींना रंग चढतोय.

आता खरं सांग गो, मे महिन्यात आलीस तेव्हा चंदीला काय शिकवून गेलीस?

तुझ्या बाबांनी सखादादाच्या पुंडल्याला कुंचला दिला, गणपतीपुढचे मोडके उंदीर रंगवायला बसवलं. पोरगा हाय, पुढं कारखाना त्यानंच बघायचा. त्याची धाकटी बहीण चंदी पोरीची जात, तिला दारातली रांगोळी. थोड्याच दिवसांत उंदरांचे डोळे असे उतरले, की बाबा येईल त्याला दाखवतात, "नातवाचा हात बघा!" मला तेव्हाच शंका आली. पुंडल्याच्या बोटांना रांगोळी आणि चंदीच्या नखात काळा रंग. कार्टी कामं बदलून बसलीत!

आधी तुझ्यावर संशय घेतला. मग सगुणावर. सून हाय, तिच्यावर घ्यावाच लागतो.

काल पडवीत लपून बघितलं. डोळा काढताना चंदी श्वास धरते, करंगळी उंदराच्या गालाला टेकवते, जीभ दाताखाली.

बाबांचा हात दिवाळीपासून थरथरतो, सरू. कुणाला बोलू नको. दुपारी कडी लावून ते मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात असं सगळ्यांना वाटतं. ते नुसता पंख्यानं वारा घालतात. आखणी मी करते. करंगळी टेकवून. दाराच्या फटीतून कुणीतरी बघतंय असं वाटायचं, ती चंदी होती हे आता कळलं.

सोमवारी पेणचा व्यापारी येतोय. त्याच्यासमोर बाबा पुंडल्याला खऱ्या मूर्तीची आखणी करायला बसवणार. पोर जेवत नाय भीतीनं. आणि लबाडी उघडी पडली की चंदी पुन्हा कुंचल्याला हात लावू शकायची नाय, बाबांना तू ओळखतेस.

तिला दटावायला गेले, "पोरींनी आखणी करायची नसते." माझ्याकडं बघून म्हणते कशी, "मग आजे, मी पण कडी लावून करू?"

तेव्हाच मी ठरवलं गो.

सोमवारी पहिल्या गाडीनं ये. कडी काढून, सगळ्यांसमोर मीच आखणीला बसणार हाय, चंदीला शेजारी घेऊन. बाबा काय करतील देव जाणे. हात माझापण थरथरेल, म्हणून तू हवीस.

तुझी आई,
विमल आखणीवाली